तापीवर चार दिवस, टँकर जागेवर धरताना

पहिला दिवस: भुसावळ, हतनूर, चांगदेव

खान्देशात 'डीपी' म्हटलं की शेताच्या बांधावरचा ट्रान्सफॉर्मर डोळ्यांसमोर येतो, आणि पाठोपाठ 'जळाली का पुन्हा?' हा प्रश्न. ट्रेलरवरच्या होडीला 'डीपीची होडी' म्हटल्यावर भुसावळच्या टपरीवर चहा गाळणाऱ्यानं विचारलंच, किती केव्हीएची?

ही डीपी वेगळी. डायनॅमिक पोझिशनिंग म्हणजे नांगर न टाकता, दोर न बांधता, फक्त पंख्यांच्या जोरावर जहाज एका जागी आणि एका दिशेला धरून ठेवणं. खोल समुद्रात तेल काढणाऱ्या तरंगत्या जहाजातून, म्हणजे एफपीएसओतून, शटल टँकर तेल भरून घेतो तेव्हा तो असाच उभा असतो. दोन अजस्र जहाजं, मध्ये ८० मीटर पाणी, त्यावरून गेलेला जाड होज. पंपावर टँकर खाली करताना ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतो. समुद्रात दगडाचं काम संगणक करतो.

मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी आठ मुलं बरोबर होती. सामान असं: सहा मीटरची फायबरची होडी, चार कोपऱ्यांत विजेच्या चार मोटारी, दोन वेगळ्या बॅटऱ्या, दोन उपग्रह रिसीव्हर, दिशेसाठी जायरो, वारा मोजायचं यंत्र, लेझर आणि काठावर मांडायचं आरटीकेचं बेस स्टेशन, म्हणजे उपग्रहाच्या मापातली चूक होडीला कळवून माप सेंटिमीटरवर आणणारं यंत्र. पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आणि प्रत्येकाला लाईफ जॅकेट. या दोन गोष्टींशिवाय धरणाच्या पाण्यात उतरू नये.

मार्चचा दुसरा आठवडा. हतनूरचे ४१ दरवाजे बंद, फुगवट्याचं पाणी चांगदेवपर्यंत निवांत पसरलेलं. पूर्णा तापीला मिळते ती इथेच. होडी पाण्यात सोडली ती देवळाच्या अलीकडच्या उतारावरून.

पाण्यावरच्या जहाजाला सहा हालचाली असतात. वरखाली होणं, दोन बाजूंना डुलणं आणि नाक-शेपूट वरखाली करणं या तीन डीपीच्या हातात नाहीत, तिथे तिनं लुडबूडही करू नये. तिनं सांभाळायच्या त्या तीनच: पुढे-मागे सरकणं, आडवं सरकणं आणि जागेवर घुमणं. लाटेनं जहाज पुढे ढकललं तर पुढची लाट येईपर्यंत ते परत येतंच. त्या प्रत्येक हिसक्याला पंखा उत्तर देऊ लागला तर डिझेल जळतं, गिअर झिजतो आणि जहाज काही जास्त स्थिर होत नाही. म्हणून संगणक मोजलेल्या जागेतून लाटेची भरभर चालणारी हालचाल गाळून टाकतो आणि वारा-प्रवाहानं होणारं सावकाश सरकणं तेवढं धरतो. हे गाळणं काल्मन फिल्टर करतो.

वाऱ्याची गोष्ट निराळी. वारा यंत्राला आधी कळतो, जहाज सरकतं नंतर. त्यामुळे वाऱ्याचा धक्का सरकण्याची वाट न बघताच उलट्या जोरानं भागवला जातो. प्रवाह मात्र बहुतेक जहाजांवर मोजत नाहीत. वारा वजा केल्यावर जो जोर उरतो त्याला संगणक 'प्रवाह' समजतो. त्यात खरा प्रवाह असतो, लाटांची सावकाश ढकल असते, वाऱ्याच्या मापातली चूक असते आणि लागलेल्या होजची ओढही असते. पडद्यावरचा प्रवाह भरतीच्या तक्त्याशी जुळत नाही म्हणून गोंधळायचं कारण नाही.

काठावर भोई समाजातले एक आप्पा जाळं विंचरत बसले होते. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "वारा त्याले कयते, ठीक हाये भो. पन पान्याची ओढ कशी कये?" नेमका प्रश्न. उत्तर असं की ती कळायला वेळ लागतो. जहाज थोडं सरकतं, संगणक जोर लावतो, पुन्हा सरकतं, पुन्हा लावतो. म्हणून समुद्रावरचा रिवाज आहे की डीपीवर टाकल्यावर साधारण अर्धा तास जहाज मोकळ्या पाण्यात उभं ठेवायचं, मगच समोरच्या जहाजाभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा हद्दीत शिरायचं. घाईत असलेला कॅप्टन पहिल्यांदा हाच अर्धा तास खातो.

संध्याकाळी होडी शांत उभी असताना तिचं नाक ९० अंशांत वळवायला सांगितलं. नाक वळलं, आणि होडी जागा सोडून भलतीकडे गेली. कारण सापडायला वीस मिनिटं लागली. उपग्रहाचा अँटेना होडीच्या मध्यबिंदूपासून २ मीटर पुढे होता आणि संगणकात तो २ मीटर मागे असा भरला गेला होता. उणे-अधिकचं एक चिन्ह, म्हणजे ४ मीटरची चूक. ही चूक होडीच्या दिशेबरोबर फिरते, त्यामुळे दिशा बदलत नाही तोवर सगळं अगदी बरोबर दिसतं. अँटेना हलवला, रिसीव्हर बदलला, गोदीतून जहाज बाहेर आलं, की चारही दिशांना नाक वळवून बघायचं. कागदावरचे आकडे तपासून ही चूक सापडत नाही.

मुक्काम भुसावळला. जेवणात कळण्याची भाकरी आणि हंगाम संपत आल्यामुळे जरा निबर वांग्यांचं भरीत.

दुसरा दिवस: यावल, चोपडा, शिरपूर, सुलवाडे

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं पश्चिमेकडे. सावद्या-फैजपूरच्या बाजूला दोन्हीकडे केळी, चोपड्यानंतर उजव्या हाताला सातपुडा सोबत येतो. ट्रेलर असल्यामुळे वेग कमी, त्यामुळे गाडीत इतिहास झाला.

१९६१ साली 'कस १' नावाच्या जहाजानं कॅलिफोर्नियातल्या ला होयाजवळ ९४८ मीटर पाण्यात नांगराशिवाय उभं राहून समुद्रतळ ड्रिल केला. चार फिरते पंखे होते, पण ते माणूस हातानं फिरवत होता. भोवती बोयी, म्हणजे तरंगत्या खुणा, लावलेल्या, रडारवर त्या बघायच्या आणि अंदाजानं जोर लावायचा. त्याच वर्षी शेल कंपनीच्या 'युरेका' जहाजावर हे काम आपोआप करणारं यंत्र बसलं. तिथून डीपीची गणती होते.

सुलवाडे बॅरेजच्या पाण्यावर दुपारी खरी जोडी जमवली. एक लाकडी नाव पुढच्या एकाच दोरानं नांगरली, ती एफपीएसओ. तिच्या मागे आमची होडी, तो शटल टँकर. एका टोकाला बांधलेली नाव वाऱ्यात माशाच्या शेपटीसारखी डाव्या-उजव्या बाजूला झुलते. टरेटवर, म्हणजे ज्याभोवती जहाज फिरू शकतं अशा खुंटावर, बांधलेला एफपीएसओही असाच झुलतो, फक्त त्याची शेपूट अडीचशे मीटर लांब असते. टँकरला पृथ्वीवरचं ठिकाण धरून भागत नाही. त्याला पुढच्याच्या शेपटीपासूनचं अंतर धरावं लागतं, आणि ती शेपूट स्वतः हलते आहे.

मग शेपटीच्या प्रत्येक झोक्यामागे धावायचं का? तसं केलं तर टँकरही झुलायला लागतो आणि दोघांची झुलण्याची लय जुळली तर अंतर झपाट्यानं कमी होतं. म्हणून एक मोकळीक ठेवतात. शेपूट ठरलेल्या चौकटीत झुलत असेल तर टँकर जागेवर, चौकटीबाहेर गेली तरच सरकायचं.

अंतर मोजायचे मार्ग अनेक आहेत. दोन्ही जहाजांवर उपग्रह रिसीव्हर ठेवून रेडिओनं एकमेकांना माप कळवायचं. दोघांना तेच उपग्रह दिसतात, त्यामुळे बऱ्याच चुका वजाबाकीत उडतात. याला डार्प्स म्हणतात. दुसरा मार्ग सूक्ष्मलहरींचा, आर्टेमिस किंवा राडास्कॅन. तिसरा लेझरचा, समोर परावर्तक लावून. तळाशी ध्वनियंत्र ठेवून पाण्यातून माप घेता येतं, पण पंख्यांनी पाण्यात हवा घुसळली की आवाज हरवतो. तळापर्यंत वजन सोडून तारेचा कोन मोजायची टॉट वायर तर सगळ्यांत जुनी आणि अजून विश्वासाची, पण ती तळाच्या मानानं जागा सांगते, समोरच्या शेपटीच्या मानानं नाही.

आम्ही मुद्दाम एकट्या लेझरवर होडी टाकली. अंतर १२ मीटर. नावेच्या मागच्या फळीवर परावर्तक, त्याच्या शेजारी एक मुलगा बसलेला. पाच-सात मिनिटं सगळं छान. मग तो मुलगा पाण्याची बाटली घ्यायला नावेच्या पुढच्या टोकाकडे गेला, आणि होडी सरळ नावेवर चालून आली. वल्ह्यानं अडवावी लागली.

झालं असं. त्याच्या लाईफ जॅकेटच्या खांद्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या होत्या, बोटभर रुंद. लेझरनं परावर्तक सोडून त्या पट्ट्या धरल्या. तो पुढे चालला तसं मापातलं अंतर वाढलं. संगणकाला वाटलं आपण मागे पडलो, त्यानं पुढे जोर लावला. होडीत काहीही बिघडलं नव्हतं. मोटारी ठीक, संगणक ठीक, लेझरही आपल्या परीनं ठीक. समुद्रात हेच खलाशांच्या कपड्यांवरच्या पट्ट्या, शिडीवरच्या टेपा आणि ओल्या पाइपांमुळे होतं.

उपाय साधे आहेत. टेपेऐवजी काचेचा प्रिझम लावा, तो माणसाच्या डोक्याच्या वर आणि वावराच्या वाटेपासून दूर बसवा, आणि एका मापावर जहाज कधी सोडू नका. उपग्रहाचं माप जोडून तोच प्रयोग पुन्हा केला तर लेझर सरकताच पडद्यावर दोन मापं जुळत नसल्याची सूचना आली. पण कोण खोटं बोलतंय हे दोघांत ठरत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो.

शिरपूरला मुक्काम. शेवभाजीचा तवंग बघून बाहेरगावचे घाबरले, एवढंच.

तिसरा दिवस: सारंगखेडा, संध्याकाळी प्रकाशा

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. मार्चमध्ये मैदान रिकामं आणि बॅरेजचं पाणी आपलं. आज तेल भरण्याची पूर्ण रीत, रिकाम्या पाइपानं.

खऱ्या कामात क्रम असा. टँकर दूर असतानाच कळवतो आणि यादी तपासायला सुरुवात करतो: किती जनरेटर चालू, किती थ्रस्टर (जागा धरणारे पंखे), कोणती मापयंत्रं, हवामान मर्यादेत आहे का. ५०० मीटरवर डीपी स्थिरावलेली असावी लागते. तिथून टप्प्याटप्प्यानं, वाऱ्या-लाटांकडे नाक ठेवून, पुढे सरकायचं. जवळ आल्यावर हवेच्या दाबाच्या बंदुकीनं पातळ दोर फेकतात, त्याला बांधून जाड दोर येतो, त्यानं हॉसर, म्हणजे दोन जहाजांना जोडणारा मुख्य दोरखंड, ओढून त्याची साखळी टँकरच्या नाकावरच्या चेन स्टॉपरमध्ये, म्हणजे साखळी पकडणाऱ्या खाचेत, अडकवतात. मग होज वर ओढून कपलर, म्हणजे होज टँकरला जोडणारा सांधा, लावायचा. डीपी टँकरचा हॉसर ढिला असतो. तो ताणून धरायची रीत वेगळी, त्यात मागून टग ओढतो किंवा टँकर स्वतः मागे जोर लावतो. डीपीवर असताना हॉसर ताणला गेला तर काहीतरी बिघडायला लागलंय असं समजायचं.

यानंतर ग्रीन लाईन. होज बसलाय, साखळी अडकलीय, टँकरच्या झडपा उघड्या आहेत, या सगळ्या अटी जुळल्या तरच एफपीएसओच्या पंपाला चालू होण्याची परवानगी रेडिओनं मिळते. एक अट तुटली की परवानगी गेली, पंप बंद.

आणीबाणीची दोन बटणं असतात. पहिल्यानं पंप थांबतो आणि झडपा मिटतात. दुसऱ्यानं तेच होऊन शिवाय होज सुटतो आणि हॉसर सुटतो. क्रम महत्त्वाचा, आधी झडप मग कपलर. उलट झालं तर होजमधलं तेल समुद्रात. मुलांपैकी एकानं विचारलं, मग झडप झटकन का नाही मिटवत? उत्तर काठावर बसलेल्या एका नानांनी परस्पर दिलं. त्यांची तापीवरून पाइपलाइन आहे, केळीला ठिबक. "एकदम बंद करशी ते पाइप फुटी जाई ना भाऊ." बरोब्बर. ताशी ६,००० घनमीटर म्हणजे सेकंदाला दीड हजार लिटरच्या वर तेल धावतंय. ते एकदम अडवलं तर दाबाचा तडाखा होज फोडतो. म्हणून झडप मिटायला काही सेकंद द्यावेच लागतात, आणि ते सेकंद अंतराच्या हिशोबातून वजा होतात.

तो हिशोब वाळूवर दोरी टाकून केला. टँकर ८० मीटरवर उभा आहे. मापात घोटाळा झाला आणि पंख्यांनी त्याला पुढे ढकलायला सुरुवात केली. दर सेकंदाला वेग फक्त ०.०५ मीटरनं वाढतोय असं धरू. इतका सावकाश की डेकवर उभ्या माणसाला कळणारही नाही. काहीच केलं नाही तर ५७ व्या सेकंदाला धडक, वेग साधारण साडेपाच नॉट. पण धडक टाळायची तर ५७ सेकंद मिळत नाहीत. तितक्याच ताकदीनं थांबवायचं असेल तर निम्मं अंतर थांबण्यासाठी राखून ठेवावं लागतं. ४० मीटर जायला ४० सेकंद, उरलेल्या ४० मीटरांत थांबायला ४० सेकंद. म्हणजे उलटा जोर ४० व्या सेकंदाच्या आत सुरू झाला पाहिजे. पंख्याची पाती उलटी फिरून जोर धरायला १५ सेकंद लागली, तर माणसाकडे उरले २५. त्यात कळायचं, विश्वास ठेवायचा, ठरवायचं आणि हात हलवायचा.

मग अंतर वाढवा ना, १५० मीटर ठेवा. ठेवतातही. पण वाढतं किती? ७५ मीटर जायला ५५ सेकंद. अंतर जवळपास दुप्पट करून हातात आले फक्त १५ सेकंद, कारण वेळ अंतराच्या वर्गमुळानं वाढते. आमच्या मते अंतर वाढवण्याचा खरा फायदा दुसराच आहे: १५० मीटरवर शेपटीच्या झोक्यांमागे टँकरला कमी पळावं लागतं, त्यामुळे मुळात बिघडण्याचे प्रसंग कमी होतात.

दुपारी शहाद्याहून प्रकाशाकडे. इथे गोमाई तापीला मिळते. केदारेश्वराच्या घाटावर गर्दी होती, म्हणून होडी पुलाच्या वरच्या अंगाला सोडली. आज तीन मापं एकदम: दोन उपग्रह रिसीव्हर आणि प्रिझमवरचा लेझर. सूर्य मावळेपर्यंत तिघांचं एकमत, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत.

आठच्या सुमाराला दोन्ही रिसीव्हर 'फिक्स' सोडून 'फ्लोट'वर, म्हणजे पक्क्या मापावरून अंदाजाच्या मापावर, गेले. होडी हळूहळू एका बाजूला सरकायला लागली. लेझर ओरडून सांगत होता की जागा बदलतेय. संगणकानं लेझरलाच बाद केलं.

सूर्यास्तानंतर विषुववृत्ताच्या पट्ट्यात वरच्या वातावरणातल्या आयनांच्या थरात बुडबुडे तयार होतात. त्यातून येणारा उपग्रहाचा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. याला सिंटिलेशन म्हणतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आणि सूर्यावरचे डाग जास्त असतात त्या वर्षांत हे जास्त. या थराचा दाट पट्टा गुजरात-माळव्यावरून जातो, त्यामुळे खान्देश त्याच्या उंबरठ्यावर आहे आणि मुंबई हायचा समुद्रही फार लांब नाही. ब्राझील आणि पश्चिम आफ्रिकेच्या तेलक्षेत्रांत ही नेहमीची डोकेदुखी. त्यात समुद्रावर मापातली चूक सुधारणारा संदेशही उपग्रहावरूनच येतो, म्हणून तोही त्याच वेळी अडखळतो.

तीन मापं असली की संगणक मधलं माप खरं धरतो आणि त्याच्यापासून लांब गेलेलं बाद करतो. रीत चांगली आहे. पण दोन रिसीव्हर म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. एकाच घरातले सख्खे भाऊ. दोघांनी एकच खोटं सांगितलं आणि खरं सांगणारा तिसरा खोटा ठरला. म्हणून तीन मापं घ्यायची तर तीन वेगळ्या घरांतली: एक उपग्रहाचं, एक लेझर किंवा सूक्ष्मलहरींचं, एक पाण्यातलं किंवा तारेचं. जहाजाच्या कागदावर 'मापयंत्रं: ३' लिहिलेलं असतं, घराणी किती ते लिहिलेलं नसतं.

एक रिसीव्हर बंद केला. उरलेल्या दोघांत मतभेद दिसू लागला, होडी हातानं सावरून काठाला घेतली. पावणेदहाला फिक्स परत आला.

चौथा दिवस: प्रकाशा, नंदुरबार

शेवटचा प्रयोग विजेचा. चारपैकी पुढच्या दोन मोटारी एका बॅटरीवर आणि मागच्या दोन दुसरीवर, अशी जोडणी सोपी पडते, तारा कमी लागतात. एक बॅटरी काढली तर होडीचं एक टोक मरतं आणि नाक सांभाळता येत नाही. तिरकी जोडणी केली, पुढची डावी आणि मागची उजवी एकीवर, तर एक बॅटरी गेली तरी दोन्ही टोकांना एकेक मोटार उरते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९४ च्या आणि पुढे २०१७ च्या सुधारित सूचनांत डीपी जहाजांचे तीन वर्ग आहेत, त्यातल्या वर्ग दोनचा अर्थ साधारण हाच आहे: चालत्या भागांतला कुठलाही एक बिघडला तरी जागा सुटता कामा नये. वर्ग तीनमध्ये एखादा अख्खा कप्पा जळाला किंवा बुडाला तरीही. वर्ग एकमध्ये अशी हमी नाही.

दोन बॅटऱ्या जोडणारी तार ठेवावी की काढावी यावर मुलांत वाद झाला, आणि तो बोटींवरही होतो. जोडली तर दोघींवर भार सारखा पडतो, इंधन वाचतं. पण एका बाजूला शॉर्ट झाला की दुसरी बाजूही ओढली जाते. धोक्याच्या जागी तार काढलेली बरी, या मताचे आम्ही.

मग दुपारचा पश्चिमेचा वारा उठायची वाट पाहिली. २७ जुलै २००५ चा मुंबई हायचा अपघात इथेच सांगितला. जखमी माणसाला उतरवण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलं, पावसाळी लाटा, थ्रस्टरमध्ये दोष. ते आलं वाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे सुटलं तर प्लॅटफॉर्मवरच जाईल अशा बाजूनं. जहाजाचा हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायचा ओटा) प्लॅटफॉर्मच्या रायझरला, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपाला, लागला, वायू पेटला, साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ माणसं गेली.

तीन वाजता वारा आला. होडी आधी नांगरलेल्या नावेच्या वाऱ्याकडच्या अंगाला उभी केली आणि संगणकाला न सांगता एक बॅटरी काढली. दोन मोटारींनी दीड मिनिट तग धरला, मग झोत आला आणि होडी आडवी होऊन नावेच्या कुशीत जाऊन आदळली. मध्ये टायर बांधलेले होते म्हणून आवाजच काय तो झाला. पुन्हा तोच प्रयोग, या खेपेला नावेच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला. दीड मिनिट तग, झोत, होडी सुटली आणि मोकळ्या पाण्यात नावेपासून लांब जात राहिली. तिला परत आणायला वीस मिनिटं वल्हं मारावं लागलं.